कोवळ्या वयातले पिणे आणि पुढे जडणारे व्यसन: नेमके कशाकडे लक्ष ठेवावे?

अर्धविराम | रविवार, रात्री १०.१२

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. मागच्या शनिवारी मित्राकडे अभ्यासाला जातो असे सांगून तो गेला आणि रात्री उशिरा दोन मित्रांनी त्याला दंडाला धरून दारात आणून सोडले. दुसऱ्या दिवशी घरात दोन तट पडले. मेव्हण्यांचे म्हणणे असे की या वयात सगळेच एकदा चाखून पाहतात, त्याचा बाऊ करू नये, आपोआप निवळेल. बहिणीच्या डोळ्याला मात्र डोळा लागला नाही, कारण तिच्यासमोर आमचा थोरला भाऊ उभा राहिला.

दादा पंधराव्या वर्षी प्यायला लागला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी यकृत निकामी होऊन गेला. वडिलांच्या कपाटात एक बाटली असायची आणि तिच्या लेबलाच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून ठेवलेली होती. दादा जेवढे काढून घेई तेवढे पाणी त्यात घाली. त्यामुळे पातळी नेहमी रेघेला बरोबर टेकलेली असे, फक्त रंग हळूहळू फिका होत गेला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मला ते सगळे दिसत होते आणि मी कोणाला काही सांगितले नाही.

माझा प्रश्न असा आहे की कोवळ्या वयातल्या पिण्यातली कोणती गोष्ट पुढच्या आयुष्याबद्दल खरोखर काही सांगते? सुरुवातीचे वय, प्रमाण, की आणखी काही? अनुभव आणि अभ्यास, दोन्ही असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाऊलवाट | रविवार, रात्री १०.५०

मी मेव्हण्यांच्या बाजूचा आहे. वसतिगृहात आम्ही आठ मित्र होतो आणि सतरा ते एकवीस या वयात आम्ही शनिवार-रविवार भरपूर प्यायलो. नोकरी लागली, लग्ने झाली, मुले झाली आणि ते सगळे कधी मागे पडले ते कळलेही नाही. आज आठातले सात जण वर्षातून एखाद-दोनदा घेतात किंवा अजिबात घेत नाहीत. आठवा आता संपर्कात नाही. मुलाला धाकदपटशा दाखवू नका, एवढेच सुचवेन.

उपशम | सोमवार, सकाळी ७.२०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक दारूच्या त्रासाने येतात. पाऊलवाट म्हणतात ते खोटे नाही. विशीच्या सुरुवातीला भरपूर पिणारे पुष्कळ तरुण तिशीपर्यंत जबाबदाऱ्यांबरोबर आपोआप कमी करतात आणि हे अनेक देशांतल्या दीर्घकालीन पाहण्यांत दिसले आहे. पण जे कमी करू शकत नाहीत ते कोण, हाच तर अर्धविराम यांचा प्रश्न आहे.

वयाविषयीचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो सुमारे २७,६०० प्रौढांच्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला होता. ज्यांनी वयाच्या पंधरा वर्षांआधी प्यायला सुरुवात केली होती, त्यांच्यापैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूचे अवलंबित्व आलेले आढळले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. हा फरक मोठा आहे. तरी बहिणीला एक गोष्ट जरूर सांगा: लवकर सुरुवात करणाऱ्यांतही निम्म्याहून अधिक लोकांच्या वाट्याला ते अवलंबित्व आले नाही. लवकर सुरुवात हा धोक्याचा इशारा आहे, त्याला भविष्यवाणी समजू नये.

गणिती | सोमवार, सकाळी ९.०५

डॉक्टरांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून लवकर पिण्यामुळेच व्यसन लागते असा निष्कर्ष काढू नये, कारण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या हजारो जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याचा निष्कर्ष असा होता की पहिल्या पेल्याचे वय आणि नंतरचे व्यसन यांचा संबंध बहुतांशी दोन्हींच्या मुळाशी असलेल्या समान, विशेषतः आनुवंशिक, प्रवृत्तीमुळे दिसतो. ज्या मुलाच्या स्वभावातच उतावीळपणा आहे, जो नियम मोडायला पुढे असतो, तो दारूही लवकर चाखतो आणि पुढे अडकतोही लवकर. असे असेल तर पहिला पेला दोन वर्षे लांबवून हाती फारसे लागणार नाही.

नोंदवही | सोमवार, दुपारी १.३०

गणिती, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण चर्चा १९९९ साली थांबलेली नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या एक हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला जात आहे. त्यावर आधारलेला २००८ सालचा शोधनिबंध नेमका तुमच्याच शंकेला भिडतो. संशोधकांनी असे विचारले की लहानपणापासून वर्तनाच्या तक्रारी असलेली मुले बाजूला ठेवली, तरी लवकर व्यसनाशी ओळख होण्याचा परिणाम उरतो का? उत्तर आले की उरतो. पंधरा वर्षांआधी दारू किंवा अमली पदार्थ घेऊ लागलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या बाबतीत आधीच्या वर्तनाची कसलीही तक्रार नव्हती आणि तरीही पुढे व्यसनासह इतर अडचणींचा धोका त्यांच्यात वाढलेला दिसला.

म्हणजे प्रवृत्तीही खरी आणि दारूचा स्वतःचा वाटाही खरा. आनुवंशिकतेचा भाग साधारण निम्मा धरला जातो. उरलेला निम्मा घर, सोबत, ताण आणि उपलब्धता यांच्या हाती असतो आणि आपले हात पोहोचतात ते तिथेच.

उजाडताना | सोमवार, रात्री ११.४०

मी नऊ वर्षे दारूला शिवलेलो नाही. त्याआधी बावीस वर्षे प्यायलो. वर चाललेली चर्चा मी दोनदा वाचली आणि आकडे मला पटले, पण मला माझ्या सोळाव्या वर्षाबद्दल लिहायचे आहे.

माझ्या मित्रांमध्ये मी सर्वांत भारी समजला जात असे, कारण मला चढत नसे. इतर मुले दोन पेल्यांत ओकत किंवा झोपत आणि मी त्यांना घरी पोहोचवत असे. "हा पचवतो" हे वाक्य मी तेव्हा पदकासारखे मिरवले. मला फार उशिरा समजले की ज्याला दुसऱ्या पेल्यावर शरीर थांब म्हणून सांगते, त्याचे शरीर त्याला वाचवत असते. माझ्या शरीराने मला कधी तसे सांगितले नाही, त्यामुळे मी पाचव्या पेल्यापर्यंत सहज पोहोचत असे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मित्रांबरोबरचे पिणे सगळ्यांना दिसत होते, पण त्याच काळात मी एकटाही पिऊ लागलो होतो. घरात भांडण झाले की मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसे आणि घोटाघोटाने पिई. तिथे कोणी हसायला नव्हते, गाणी नव्हती, गंमत नव्हती. छातीत जे आवळलेले असे ते सैल पडे आणि मला तेवढेच हवे होते. मग मी स्टीलचा पेला टाकीच्या तोटीखाली धुऊन, शर्टाच्या टोकाने पुसून, घरात होता तिथे नेऊन ठेवत असे. तो पेला पुसणाऱ्या मुलाला जर कोणी विचारले असते की तुला कशाचा त्रास होतो आहे, तर पुढे काय झाले असते हे मी सांगू शकत नाही, पण विचारायला हवे होते एवढे मला नक्की ठाऊक आहे.

अर्धविराम, भाच्याने किती घेतली हे विचाराच, पण तो कोणाबरोबर पितो आणि कशासाठी पितो हे आधी विचारा.

उपशम | मंगळवार, सकाळी ७.०५

उजाडताना यांनी लिहिलेल्या दोन्ही गोष्टींना संशोधनाचा आधार आहे.

दारू कमी चढणे हा शक्तीचा पुरावा नसून धोक्याची खूण आहे. व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांवर अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध पाठपुराव्यात असे दिसले की विशीच्या सुमाराला ज्यांच्यावर ठरावीक दारूचा परिणाम कमी झाला, तेच पुढे व्यसनात अडकण्याची शक्यता अधिक होती. त्यातच कोवळ्या वयाची एक भर पडते. उंदरांवरच्या प्रयोगांत किशोरवयीन उंदरांना दारूने येणारी गुंगी आणि हालचालीतला तोल जाणे प्रौढ उंदरांपेक्षा कमी जाणवते. उलट एकमेकांत मोकळे होण्याचा परिणाम आणि स्मरणावरचा आघात मात्र जास्त होतो. थोडक्यात, थांबवणाऱ्या खुणा दुबळ्या आणि ओढून नेणाऱ्या खुणा बळकट, अशी ती अवस्था असते. माणसात आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, हेही यात धरावे.

एकट्याने पिण्याबद्दल २०२२ साली एक महत्त्वाचा अभ्यास आला. अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांचा वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला गेला होता. फक्त सोबतीने पिणाऱ्यांच्या तुलनेत, अठराव्या वर्षी एकट्याने पिणाऱ्या मुलांत पस्तिशीला व्यसनाची लक्षणे असण्याची शक्यता ३५ टक्क्यांनी जास्त होती आणि तेवीस-चोविसाव्या वर्षी एकट्याने पिणाऱ्यांत ती ६० टक्क्यांनी जास्त होती. किती पितात हे गणितातून वेगळे काढल्यावरही हा फरक राहिला.

चौकट | मंगळवार, सकाळी ११.१५

सगळे वाचले. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि मी ठरवले होते की पुढच्या वर्षापासून घरीच, माझ्यासमोर, त्याला थोडीशी द्यायची, म्हणजे चोरून पिण्याची ओढ राहणार नाही आणि तो मर्यादेत प्यायला शिकेल. पोहणे जसे आपण हात धरून शिकवतो तसे. हे चुकीचे आहे का?

नोंदवही | मंगळवार, दुपारी १२.४०

चौकट, तुमचा हेतू प्रेमाचा आहे आणि असा विचार करणारे आईवडील पुष्कळ आहेत. हा विचार तपासून पाहिला गेला आहे. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा २०१० ते २०१६ अशी सहा वर्षे पाठपुरावा झाला. पालकांनी स्वतः दारू दिल्याने मुलांचे पुढच्या धोक्यापासून रक्षण झाल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. उलट एकाच बैठकीत बेसुमार पिणे आणि व्यसनाची लक्षणे यांची शक्यता अशा मुलांत वाढलेली दिसली आणि घरून मिळणारी मुले पुढे बाहेरूनही मिळवू लागण्याची शक्यता वाढली. पाण्यात पडलेल्याला पोहता आलेच पाहिजे, म्हणून आपण पोहणे शिकवतो. दारूचे तसे नाही, ती टाळता येते.

चौकट | मंगळवार, दुपारी १.०५

मला पूर्ण पटलेले नाही, कारण माझ्या आजोबांनी आम्हाला असेच वाढवले आणि आम्हा भावंडांपैकी कोणी बिघडले नाही. पण पुढच्या वर्षीचा बेत मी थांबवतो आहे. त्याच्याशी बोलायला बसतो.

जलरेषा | मंगळवार, रात्री ९.३०

या धाग्यावर आतापर्यंत सगळी मुलेच आली, म्हणून लिहिते. मी सतराव्या वर्षी मैत्रिणींबरोबर प्यायला लागले. दोनदा असे झाले की रात्रीचे तीन तास माझ्या स्मरणातून पुसले गेले. मी त्या वेळात चालत होते, बोलत होते, हसत होते असे मैत्रिणींनी सांगितले, पण माझ्याकडे त्यातले काहीही शिल्लक नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी त्याची गंमत करत होत्या आणि मीही हसले. घरी येऊन कपड्यांचे खिसे तपासले, फोनमधले संदेश वाचले आणि हात थंड पडले.

आता समजते की बेशुद्ध पडणे वेगळे आणि जागेपणी स्मरणात काही न नोंदले जाणे वेगळे. रक्तातली दारू झपाट्याने वाढली की नव्या आठवणी साठवणारे मेंदूतले काम बंद पडते. म्हणून उपाशीपोटी, पैजेवर, भराभर पिणे हे एकूण प्रमाण तेवढेच असले तरी अधिक घातक असते. अर्धविराम, भाच्याला घरी कसा आलो हे आठवते का, हेही विचारा.

शुश्रूषा | मंगळवार, रात्री १०.२०

मी परिचारिका आहे. विषयाला धरूनच, पण वेगळे सांगते, कारण पुढची चिंता करण्याआधी ती रात्र निभावावी लागते. मूल हाक मारूनही जागे होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, अंग गार आणि ओठ निळसर असतील, तर "झोपू द्या, सकाळी उतरेल" असे म्हणू नका आणि ताबडतोब रुग्णालय गाठा. तोपर्यंत त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि एकटे सोडू नका. कॉफी, गार पाण्याची आंघोळ किंवा घशात बोट घालणे यांतल्या कशानेही रक्तातली दारू कमी होत नाही. शेवटचा पेला संपल्यावरही ती काही काळ वाढतच असते. मित्राच्या घरच्यांच्या भीतीने मुले अशा वेळी मदत मागत नाहीत. म्हणून रात्री कधीही फोन कर, रागावणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

पाऊलवाट | बुधवार, सकाळी ८.१०

उजाडताना यांचा प्रतिसाद वाचल्यापासून मला आमचा आठवा मित्र आठवतो आहे. मी रविवारी त्याला एका वाक्यात उरकले, ते बरोबर झाले नाही.

तो तेव्हाच वेगळा होता. आम्ही जमायचो तेव्हा तो आधीच थोडी घेऊन आलेला असायचा. बैठक मोडल्यावर आम्ही चपला शोधत असताना तो खोलीत मागे राहून सगळ्यांच्या पेल्यांत उरलेले तळाचे घोट एका पेल्यात जमा करत असे. आम्ही त्याला 'सफाई कामगार' म्हणत हसत होतो. परीक्षेच्या काळात आम्ही सगळे बंद करत होतो आणि तो करत नव्हता. चार वर्षे रोज एका ताटात जेवलो, तरी त्याचे वडील तो दहा वर्षांचा असताना वारले हे मला तिसऱ्या वर्षी समजले. त्याच्या पिण्याविषयी तर कोणी कधी काही विचारलेच नाही. आपोआप निवळते हे मी माझ्या सात जणांवरून म्हणालो होतो. काल दोन मित्रांना फोन करून त्याचा ठावठिकाणा विचारला आहे.

गणिती | बुधवार, सकाळी ९.४५

पाऊलवाट, तुमच्या प्रतिसादामुळे मला माझे म्हणणे सुधारून मांडावेसे वाटते. आनुवंशिक प्रवृत्ती मोठी आहे हे मी मागे घेत नाही, पण प्रवृत्ती आहे म्हणून लक्ष देऊन उपयोग नाही असा माझ्या लिहिण्याचा सूर झाला होता, तो चुकीचा होता. ज्याच्या घरात व्यसन आहे, ज्याला लहानपणी जबर धक्का बसला आहे, ज्याला चढत नाही, त्याच्याकडेच आधी पाहायला हवे, असा त्याचा खरा अर्थ होतो.

शिवाय एका संपूर्ण देशाचे उदाहरण आहे. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिनाभरात एकदा तरी झिंगलेली होती; २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. पालकांनी मिळून नियम ठरवले, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहण्यावर बंधन आले, खेळ आणि संगीत यांसाठी सरकारने पैसे दिले आणि दरवर्षी मुलांना प्रश्नावली देऊन स्थिती तपासली. एका पिढीच्या अवधीत तिथल्या मुलांची जनुके बदललेली नाहीत.

अर्धविराम | गुरुवार, रात्री ११.३०

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी भाच्याला घेऊन लांब फिरायला गेलो. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी चालत बोलणे त्याला सोपे जाईल असे वाटले. मी आधी त्याला दादाची हकीकत सांगितली, पेन्सिलीच्या रेघेसकट. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "मामा, तुला दिसत होते, तर तू बोलला का नाहीस?" मी खरे ते सांगितले. दादा मला फार आवडायचा आणि मी सांगितले तर तो माझ्याशी बोलणे टाकेल, अशी मला भीती वाटली होती.

त्यानंतर त्याने स्वतःहून सांगितले की शनिवारची ती तिसरी वेळ होती. आधीच्या दोन वेळा कोणी बरोबर नव्हते. दोन्ही वेळा घरात आईवडिलांचे कडाक्याचे भांडण झाले होते आणि त्याला झोप येत नव्हती. शनिवारी घरी कसा आला ते त्याला अजिबात आठवत नाही. त्याच्या परवानगीने मी हे बहिणीला आणि मेव्हण्यांना सांगितले. मेव्हणे काही न बोलता उठून आत गेले आणि अर्ध्या तासाने येऊन म्हणाले की डॉक्टरांकडे आपण तिघेही जाऊ. सोमवारची वेळ मिळाली आहे. उपशम, पहिल्या भेटीत आम्ही काय काळजी घ्यावी?

उपशम | शुक्रवार, सकाळी ६.५०

डॉक्टरांना सांगा की आधी त्याच्याशी एकट्याशी बोलावे, तुम्ही सर्वांनी बाहेर थांबावे, आणि त्याने आत जे सांगितले ते त्याच्या जिवाला धोका नसेल तर त्याच्याकडेच राहू द्यावे. आजोळकडून घराण्यात व्यसन आहे हे न लपवता सांगा. त्याची झोप, भूक, शाळेतले लक्ष यांविषयी जे दिसते ते आईने आजच कागदावर लिहून ठेवावे, कारण ऐन वेळी आठवत नाही. आणि भांडणांविषयीचा प्रश्न आईवडिलांना विचारला जाईल. त्याचे उत्तर देण्याची तयारी त्यांनी सोमवारच्या आधी करावी.